लव्हाळ्याची गाठ

ज्यांच्या शेतात लव्हाळा माजला आहे, त्यांस आमची ही हकीकत समजावयास वेळ लागणार नाही. लव्हाळ्याची पाती वरून खुडली तर सायंकाळी शेत स्वच्छ दिसते. आठ दिवसांनी पाहावे तो जेथे एक पाते होते तेथे तीन उभी! कारण पाते म्हणजे लव्हाळा नव्हेच. लव्हाळा म्हणजे भुईतली ती काळी गाठ. आमच्या वाडवडिलांनी शेती केली. आम्हीही शाळेतील नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे भाताची लावणी केली. तेव्हा ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती असे नाही. तथापि घरातील संगणकाच्या बाबतीत तीच गोष्ट आम्हांस दोन महिने सुचली नाही, आणि त्या दोन महिन्यांत आमच्या हातून एका निरपराध मुलावर अन्याय झाला. ज्यांच्या घरी हे यंत्र आले आहे त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून, आणि थोडे आमचेही मन हलके व्हावे म्हणून, ती हकीकत येथे लिहीत आहोत.

आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. आमच्या कन्येचा संसार मस्कतला. तिच्याशी रविवारी बोलता यावे, नातवाचे मुख दृष्टीस पडावे, म्हणून २०२२ साली आम्ही बेळगावहून एक संगणक आणला. त्यावर विंडोज ११ ही प्रणाली असून त्याची स्मृती ४ जीबी आहे. म्हणजे ही प्रणाली चालावयास कमीत कमी जेवढी लागते तेवढीच. गरिबाच्या घरात एक पाहुणा अधिक आला की ताट कमी पडते, तशी त्याची स्थिती. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा आमच्याजवळ राहून पी. यू. च्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करतो. सायंकाळी दोन तास तो याच संगणकावर रसायनशास्त्राचे पाठ ऐकत असे.

२०२५ च्या जुलै महिन्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक तांबडी चौकट उगवू लागली. ‘आपल्या संगणकात शेकडो दोष आढळले आहेत, ते दूर करण्यासाठी येथे दाबा आणि पैसे भरा,’ असा तिचा मजकूर. आम्ही पैसे भरले नाहीत, एवढी बुद्धी देवाने दिली होती. परंतु चौकट काही जाईना. यंत्र मंद चालू लागले. रविवारी कन्येचे बोलणे अर्ध्या वाक्यात तुटू लागले. नातवाचा चेहरा हसता हसता पडद्यावर थिजू लागला.

आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी उपाय सांगितला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावी, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. या घडीला यंत्रात कोणकोणती आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, चालू आहेत आणि कोण किती स्मृती खात आहे, याची यादी तेथे दिसते. अपराध्याच्या नावावर बोट ठेवून ‘एन्ड टास्क’ दाबले की त्याचा तेथेच अंत. आम्ही तसे केले. तांबडी चौकट नाहीशी झाली. आम्ही विजयी मुद्रेने चहा मागविला. पण कप खाली ठेवण्यापूर्वीच चौकट पुन्हा हजर! पुन्हा मारले, पुन्हा उठले. विक्रम राजाच्या खांद्यावरून निसटून वेताळाने पुन्हा झाडाला लोंबकळावे, तसा प्रकार. फरक इतकाच की वेताळ निदान एक गोष्ट तरी सांगत असे. हा नुसते पैसे मागे.

मग आम्ही रोज रात्री संगणक बंद करू लागलो. रात्रभर विश्रांती मिळाली म्हणजे बिघाड आपोआप निवळेल, अशी आमची समजूत. पुढे ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ च्या यादीत ते नाव शोधून ते काढूनही टाकले. नाव यादीतून गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकट पूर्ववत कोपऱ्यात उभी.

येथे आमच्या स्वभावातील दोष उघड झाला. ज्या गोष्टीचे कारण सापडत नाही तिच्यासाठी मनुष्य बहुधा जवळचे एखादे माणूस शोधतो. आम्हांस पुतण्या सापडला. तरुण मुलगा, दोन तास एकटा यंत्रापाशी बसतो. कोठून तरी खेळ आणून भरले असतील, त्याबरोबर ही पीडा आली असेल, असे आम्ही ठरविले. विचारले नाही, ठरविले. एके सायंकाळी सर्वांसमक्ष त्यास बोल लावला. तो एवढेच म्हणाला, “काका, मी काही केलं नाही.” आम्ही म्हणालो, “मग काय आपोआप झालं?” त्यावर तो गप्प राहिला, आणि ते गप्प राहणे आम्ही कबुलीच समजलो. संगणकाची विजेची तार आम्ही काढली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. ती फक्त रविवारी बाहेर येई.

तेव्हापासून मुलगा रोज सायंकाळी सायकलीने पलीकडच्या वाडीत एका मित्राकडे पाठ ऐकावयास जाऊ लागला. ऑगस्टातला आमच्याकडचा पाऊस वाचकांपैकी पुष्कळांस माहीत असेल. साडेनऊ वाजता तो भिजून येई, वह्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढी, आणि न बोलता जेवावयास बसे. आमची पत्नी एकदा म्हणाली, “पोरगं खोटं बोलणारं नाही.” आम्ही उत्तर दिले नाही. शाळेत इतकी वर्षे मुले वळविली, तेव्हा मुलांची पारख आम्हांस अधिक, असा आमचा अहंकार होता.

८ सप्टेंबरच्या मरियामातेच्या जन्मोत्सवासाठी आमची भाची दोन दिवस आधी आली. ही आमच्या थोरल्या बहिणीची कन्या; हैदराबादेस एका महाविद्यालयाची संगणक-प्रयोगशाळा सांभाळते. आमचा संगणक प्रथम तिनेच मांडून दिला होता. रविवारी दुपारी तिने तांबडी चौकट पाहिली, आणि आम्ही मोठ्या हौसेने ‘एन्ड टास्क’ ची कसरत तिला करून दाखविली. ती हसली.

“मामा, तुम्ही ज्याला मारताय तो गडी आहे. त्याला कामावर पाठवणारा मुकादम वेगळाच आहे. तो शाबूत असेतोवर गडी येतच राहणार.”

आमच्या कानात लव्हाळ्याची गाठ वाजली ती तेव्हा. प्रश्न ‘हे कसे मारावे’ असा नव्हता. ‘यास पुन्हा कोण उठवितो’ असा होता.

कामास हात घालण्यापूर्वी तिने दोन गोष्टी केल्या. घरची छायाचित्रे आणि मुलाच्या अभ्यासाच्या टिपणी एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या. आणि यंत्र आजच्या स्थितीत परत आणता यावे म्हणून ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवला. मग एक कोरा कागद मागितला. अपराधी प्रोग्रॅमचे नेमके नाव काय आणि तो कोणत्या कप्प्यात राहतो हे तिने त्यावर लिहून घेतले. टास्क मॅनेजरमध्ये नावावर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ म्हटले की तो कप्पा उघडतो. “नाव कोणीही धारण करतं, मामा, पत्ता पाहावा,” असे ती म्हणाली.

आम्ही उतावीळपणे यादीतील आणखी दोन-चार अनोळखी नावांवर बोट ठेवू लागलो, तेव्हा तिने आमचा हात धरला. पुन्हा उठणारा प्रत्येक जण चोर नसतो, असे तिने समजाविले. ‘एक्सप्लोरर’ नावाचा प्रोग्रॅम अकस्मात कोलमडला तर पडद्यावरील खालची पट्टी आणि सारी चिन्हे क्षणभर नाहीशी होतात; विंडोज त्यास स्वतःच पुन्हा उठविते, आणि ते योग्यच आहे. छपाईची कामे रांगेत लावणारा ‘प्रिंट स्पूलर’, यंत्राचे रक्षण करणारा ‘डिफेंडर’, हे हट्टी आहेत म्हणूनच उपयोगी. ‘सीएसआरएसएस’ नामक एक मूळ प्रोग्रॅम तर असा की त्यास बळाने थांबविले तर सारे विंडोजच कोसळते. अनोळखी म्हणून शत्रू समजू नये, हा धडा आम्हांस यंत्राच्या निमित्ताने मिळत होता; त्याचा खरा रोख कोठे आहे हे मात्र अजून उमगले नव्हते.

मग तिने एकेक दार तपासावयास घेतले. विंडोजमध्ये प्रोग्रॅम आपोआप सुरू होण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. त्यांतील मुख्य अशा.

पहिली वाट साधी. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ नावाचे पान आहे. आपण यंत्रात प्रवेश करताच ज्यांनी उठावयाचे त्यांची नावे तेथे असतात. त्यांतील पुष्कळशी ‘रजिस्ट्री’ नावाच्या विंडोजच्या मोठ्या नोंदवहीतून आलेली असतात. काही ‘स्टार्टअप’ याच नावाच्या एका कप्प्यातून येतात. आमचा अपराधी तेथे होताच. तिने त्याच्यापुढे ‘डिसेबल’ केले. आम्हांस वाटले, काम झाले. ती म्हणाली, “हे पुढचं दार. मागची दारं अजून उघडी आहेत.”

दुसरी वाट ‘सर्व्हिसेस’ ची. विंडोजची खूण असलेले बटण आणि ‘आर’ ही दोन एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ असे लिहिले म्हणजे ही यादी उघडते. सर्व्हिस म्हणजे पडद्यावर न दिसता मागल्या मागे राबणारा सेवक. आपण यंत्रात प्रवेश करण्यापूर्वीदेखील तो कामास लागलेला असू शकतो. त्या तांबड्या चौकटीचा एक भाऊबंद येथे ‘ऑटोमॅटिक’ म्हणून बसला होता. भाचीने त्याची माहिती उघडून ‘रिकव्हरी’ नावाचे पान दाखविले. तेथे तीन ओळी होत्या: पहिल्यांदा पडला तर काय करावे, दुसऱ्यांदा पडला तर काय, आणि त्यानंतर पडला तर काय. तिन्हींपुढे एकच उत्तर होते: ‘रिस्टार्ट द सर्व्हिस’, म्हणजे यास पुन्हा उभा करावा. चांगल्या सेवकासाठी ही सोय ठेवलेली आहे. वाईटाने तिचाच फायदा घेतला. तिने तिन्ही ठिकाणी ‘टेक नो अ‍ॅक्शन’ केले, प्रारंभाचा प्रकार ‘ऑटोमॅटिक’ वरून ‘डिसेबल्ड’ केला, आणि त्यानंतर ‘स्टॉप’ दाबले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी पुन्हा उठविणाऱ्यास अडवावे, मग उठलेल्यास निजवावे. आम्ही दोन महिने याच्या नेमके उलट करीत होतो.

आमच्या रात्रीच्या विश्रांतीच्या उपायाबद्दल विचारले, तेव्हा एक नवल कळले. २०१२ साली निघालेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची एक सोय आहे. ती जेथे चालू असते तेथे ‘शट डाउन’ केले तरी यंत्र पुरते रिकामे होत नाही. प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत आणला जातो. सारे काही खरोखर नव्याने सुरू व्हावयाचे असेल तर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रिस्टार्ट’ करावे. म्हणजे आम्ही रोज रात्री दिवा मालवीत होतो आणि निखारा राखेखाली जपून ठेवीत होतो.

बोलता बोलता तिने पेनड्राइव्हवरील एक साधन उघडले. त्याचे नाव ‘ऑटोरन्स’. यंत्रातील आपोआप उठण्याच्या साऱ्या वाटा ते एका ठिकाणी मांडून दाखविते. त्याचेच दुसरे भावंड ‘प्रोसेस एक्सप्लोरर’; कोणता प्रोग्रॅम कोणाच्या पोटी जन्मला हे त्यात वंशवृक्षासारखे दिसते. दोन प्रोग्रॅम एकमेकांवर पहारा ठेवीत असतील, एक मेला की दुसरा त्यास उठवीत असेल, तर त्यात आधी दोघांनाही ‘सस्पेंड’ करून जागच्या जागी खिळवावे आणि मग दोघांना काढावे, अशी युक्ती आहे. ही साधने अमेरिकेतील मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल या दोघांनी निर्माण केली. त्यांचा उद्योग १९९६ साली सुरू झाला आणि २००६ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला; ही साधने आजही त्या कंपनीकडून विनामूल्य मिळतात.

याच रसिनोविच यांची एक गोष्ट भाचीने सांगितली. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना स्वतःच्याच संगणकात एक लपलेला प्रोग्रॅम आढळला. शोध घेता घेता तो सोनी बीएमजी या कंपनीच्या एका गाण्याच्या तबकडीतून आल्याचे उघडकीस आले. गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून तो घातलेला होता, आणि स्वतःस झाकून घेण्याची विद्या त्यास शिकविलेली होती. रसिनोविच यांनी तो उपटून काढताच त्यांच्या संगणकास तबकड्या वाचण्याचे यंत्रच दिसेनासे झाले. तेही मग त्यांना दुरुस्त करावे लागले. त्यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे जाहीर केल्यावर मोठा गवगवा झाला, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये कंपनीस त्या तबकड्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

“एवढा जाणता माणूस,” आम्ही म्हणालो, “त्याच्या घरात हे शिरलं तरी कसं?”

“ती तबकडी त्याने स्वतःच विकत आणली होती, मामा,” भाची म्हणाली.

आता तिसरी वाट उरली होती, ‘टास्क शेड्युलर’ ची. ही म्हणजे विंडोजची घड्याळ लावलेली दैनंदिनी. अमुक वेळी, किंवा मालकाने प्रवेश केल्यावर, किंवा दर इतक्या मिनिटांनी, अमुक काम सुरू करावे, अशा आज्ञा तेथे नोंदलेल्या असतात. आमच्या अपराध्याची आज्ञा तेथे सापडली: प्रवेश होताच सुरू करावे, आणि त्यानंतर दर १० मिनिटांनी पुन्हा, अखंड. आमचा चहाचा कप खाली होण्यास लागे तेवढाच अवकाश! आम्ही मूळ प्रोग्रॅम काढून टाकला तेव्हा ही आज्ञा आणि तो मागचा सेवक दोघे घरातच राहिले होते, आणि दोघे मिळून त्यास नव्याने घेऊन येत होते. हीच ती गाठ.

भाचीने ती आज्ञा पुसली नाही. तूर्त ‘डिसेबल’ केली. चूक झाली असेल तर परत फिरता यावे, ही तिची रीत. मग ती त्या ओळीत उजवीकडे सरकत गेली, आणि एकाएकी थांबली. त्या यादीत शेवटी दोन रकाने असतात. एकाचे नाव ‘ऑथर’, म्हणजे आज्ञा कोणी नोंदविली. दुसऱ्याचे ‘क्रिएटेड’, म्हणजे केव्हा. तिने पडदा आमच्याकडे किंचित वळविला आणि काही न बोलता बोट ठेवले.

‘ऑथर’ च्या रकान्यात आमचे नाव होते. ‘क्रिएटेड’ मध्ये १२ जुलै २०२५, रात्री ९ वाजून ४० मिनिटे.

आम्ही म्हणालो, “हे मुलानेच आमच्या नावावर...” पण वाक्य पुरे करवेना. १२ जुलै हा शनिवार होता. आदल्या सायंकाळी मुलगा लावणीसाठी त्याच्या मामाच्या गावी गेला होता, आणि रविवारी दुपारी चिखलाने माखून परतला होता. शिवाय भाचीने शांतपणे आठवण दिली, “तुमची दोघांची खाती मी वेगवेगळी केली होती, मामा. त्याचं खातं साधं आहे. असलं काही बसवायचा अधिकारच त्याला नाही. यंत्र आधी तुमचा परवलीचा शब्द मागेल.”

त्या शनिवारची रात्र आम्हांस लख्ख आठवली. मस्कतहून नातवाचे एक छायाचित्र आले होते. ते मोठे करून भिंतीवर लावावे असे मनात आले, म्हणून छायाचित्र मोठे करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम आम्ही कोठूनसा उतरवून घेतला. ‘नेक्स्ट’ आले, दाबले. पुन्हा ‘नेक्स्ट’ आले, दाबले. एका चौकटीत ‘संगणक वेगवान करणारे साधनही सोबत घ्या’ अशा अर्थाची बारीक ओळ होती आणि तीपुढे आधीच खूण केलेली होती. ती आम्ही वाचली नाही. शेवटी विंडोजने पडदा काळवंडून विचारले की, या प्रोग्रॅमला तुमच्या यंत्रात फेरफार करू द्यावा काय? आम्ही ‘येस’ म्हटले. ज्याने शाळेत हजारो मुलांना ‘प्रश्न नीट वाचून उत्तर लिहा’ असे सांगितले, त्याने प्रश्न न वाचता उत्तर दिले होते. छायाचित्र काही मोठे झाले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सारे विसरून गेलो.

पुढचे काम भाचीने पुरे केले. ‘रिस्टार्ट’ केले, उरलेले ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ मधून काढले, छायाचित्राचा तो प्रोग्रॅमही काढला, डिफेंडरकडून साऱ्या यंत्राची पूर्ण तपासणी करविली. तपासणीस पुष्कळ वेळ लागला. तीत दोन अवशेष सापडले, तेही गेले. त्यानंतर चौकट पुन्हा दिसली नाही. एवढ्यानेही भागले नसते तर ‘सेफ मोड’ चा उपाय होता. शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’ केले, आणि पुढे ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ या वाटेने जाऊन ४ हा आकडा निवडला, म्हणजे यंत्र अत्यावश्यक तेवढ्याच सेवकांनिशी उठते, आणि हट्टी पाहुण्यास दार उघडावयास कोणी नसते. पण आमच्यावर ती वेळ आली नाही.

रात्री मुलगा आला तेव्हा पाऊस लागला होता. सायकल पडवीत टेकवून तो आत येत होता. आम्ही कपाट उघडले, तार काढली आणि त्याच्या हातात दिली. लांबलचक काही बोलावयाचे योजिले होते. त्यातले एकही वाक्य आठवले नाही. “बाळ, ते मीच करून ठेवलं होतं,” एवढेच तोंडून निघाले. “तुला उगाच बोललो.” पत्नी आणि भाची तेथेच होत्या. बोल सर्वांसमक्ष लावला होता. तेव्हा कबुलीही सर्वांसमक्षच व्हावयास हवी होती.

तो तार हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “काका, तुम्ही तारीख विचारली असती तर मी सांगितलं असतं. मी मामाकडे होतो.” त्या बोलण्यात राग नव्हता. असता तर आम्हांस कमी लागले असते.

दोन महिने आम्ही ‘पुन्हा कोण उठवितो’ हे यंत्रास विचारले नाही, आणि ‘त्या दिवशी तू कोठे होतास’ हे मुलास विचारले नाही. दोन्ही प्रश्न साधे होते. दोन्हींची उत्तरे घरातच लिहिलेली होती. परंतु मारणे सोपे, विचारणे अवघड. विचारताना उत्तर आपल्याच नावाचे निघण्याचा धोका असतो.

भाचीने कामाचा तो कागद आमच्या आग्रहावरून नीट लिहून दिला. तो आता संगणकाच्या वर भिंतीवर चिकटविला आहे. त्यातील सार असे. आपणास नको असलेला प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा उठत असेल तर आधी त्याचे नाव आणि पत्ता लिहून घ्यावा. तो विंडोजच्याच घरचा नाही ना, याची खात्री करून घ्यावी. मग ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ मधून रीतसर काढावा आणि ‘रिस्टार्ट’ करावे. तरीही आला तर ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’, ‘सर्व्हिसेस’ आणि ‘टास्क शेड्युलर’ ही तीन दारे क्रमाने पाहावी. प्रथम ‘डिसेबल’ करावे. पुसण्याची घाई करू नये. शेवटी पूर्ण तपासणी करावी. आणि नवे काही बसविताना प्रत्येक ओळ वाचल्यावाचून ‘नेक्स्ट’ दाबू नये. या शेवटच्या ओळीखाली भाचीने रेघ ओढली आहे. ती कोणासाठी, हे घरातील सर्वांस ठाऊक आहे.

मुलगा आता पुन्हा घरीच पाठ ऐकतो. सायकल सायंकाळी पडवीतच असते. यंत्र चपळ झाले आहे. रविवारी नातू हसतो तो पुरता हसतो. फक्त एक गोष्ट राहिली आहे. जुलैपूर्वी मुलगा सरळ जाऊन संगणक सुरू करीत असे. आता तो रोज सायंकाळी आमच्या खोलीच्या दाराशी क्षणभर थांबतो आणि विचारतो, “काका, लावू का?” आम्ही अनेकदा सांगितले की, बाबा, विचारू नकोस, तुझाच आहे. तो मान हलवितो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो.

ही आज्ञा कोणी नोंदविली आणि केव्हा, हे आम्हांस या वेळी शोधावे लागले नाही. ती बंद करण्याचे बटण कोठे आहे तेवढे भाचीच्या कागदावर नाही. म्हणून आम्ही सध्या एवढेच करतो: सायंकाळचे सात वाजण्यापूर्वी आपण होऊन उठतो, संगणक सुरू करून ठेवतो, आणि खुर्ची त्याच्यासाठी मोकळी ठेवून अंगणात जाऊन बसतो.